दिल्या शब्दाला जागताना

आज पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

उद्यापासून तुमचं काम बोलण्याचं आहे. रविवारी उपदेश कराल, आठवड्यात घरोघरी प्रार्थना कराल. लेकराचा बाप्तिस्मा, लग्न, दफन, आजाऱ्याची भेट, दोन भावांमधला बांधाचा तंटा, कमिटीतली भांडणं, या सगळ्या ठिकाणी लोक तुमच्या तोंडाकडे बघतील. मी इथे उपदेशशास्त्र शिकवलं. मांडणी कशी करावी, आवाज कुठे चढवावा, पंचविसाव्या मिनिटाला थांबावं कसं, हे वर्गात झालं आहे. आज त्यातलं काही बोलणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. तोंडातून निघालेला शब्द ऐकणाऱ्याच्या आधी बोलणाऱ्याला बांधतो. पवित्र शास्त्रात शब्दाचं जे सामर्थ्य दिसतं, ते या बांधून घेण्यातून येतं, असं माझं ठाम मत आहे.

हे सांगायची गरज आहे, कारण सध्या आपल्या मंडळ्यांमध्ये शब्दांच्या सामर्थ्याविषयी वेगळीच शिकवण फिरते आहे. मोबाइलवर, मोठ्या शामियान्यातल्या सभांमध्ये आणि अलीकडे आपल्या प्रार्थनासभांतही ती कानावर येते. तोंडानं जाहीर करा, मिळेल. नोकरी जाहीर करा, आरोग्य जाहीर करा, बंगला जाहीर करा. तोंडातून वाईट काढू नका, नाहीतर तेच घडेल. आधार म्हणून नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायातलं, जिभेच्या हाती जीवन आणि मरण असल्याचं वचन पुढे केलं जातं. ते तुम्हाला पाठ आहे. या शिकवणीला माझा विरोध आहे. तिचे चटके कुणाला बसतात ते मी पाहिलं आहे.

आमच्या ओळखीतल्या एका बहिणीला कर्करोग झाला. भेटायला गेलं की घरातली माणसं दारातच सांगायची, "ताई, आजाराचं नाव काढू नका. ती बरी झाली आहे असंच बोला." आत ती बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. दुखतंय असं म्हणायचीही तिला चोरी होती. म्हटलं तर विश्वास कमी पडला, हे आधीच ठरलेलं. एके दुपारी घरात फारसं कुणी नसताना मी तिच्याजवळ बसून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. तारणाऱ्या देवाला हाक मारून ते सुरू होतं आणि अंधारात संपतं; बाकीच्या विलापस्तोत्रांच्या शेवटी जशी आशा डोकावते तशी तिथे डोकावत नाही. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हे बायबलात आहे?" मग ती बोलायला लागली. कुठे दुखतं ते, धाकट्याचं लग्न बघायचं राहिलं ते, नवऱ्यावरचा जुना राग, सगळं. पुढे ती गेली. पण जाण्याआधी ती आपल्या माणसांशी खरं बोलून गेली. ज्या शिकवणीनं तिचं तोंड बांधलं होतं, तिला मी ख्रिस्ती म्हणू शकत नाही. खुद्द येशूनं वधस्तंभावर आपल्या मातृभाषेत विलापाच्या स्तोत्राचे शब्द उच्चारले आणि देवानं आपल्याला का सोडलं हे विचारलं. त्याचा विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणेल का?

मग शास्त्र काय सांगतं? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि सृष्टी होते, हे आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो. पण देवाच्या बोलण्याचं मर्म मला पंधराव्या अध्यायात अधिक दिसतं. देवानं अब्राहामाला संतती आणि भूमी यांचं वचन दिलं. अब्राहामानं विचारलं, हे खरं कशावरून? त्या काळच्या करारात पशू कापून त्यांचे भाग समोरासमोर ठेवत आणि करार करणारे त्यांच्यामधून चालत जात. शब्द मोडला तर माझंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. त्या रात्री अब्राहाम गाढ झोपेत होता. त्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी आणि जळती मशाल गेली. म्हणजे देव एकटाच गेला. अब्राहामाला चालायला लावलंच नाही. देवानं आपल्या शब्दानं स्वतःला बांधून घेतलं. ‘प्रारंभी शब्द होता’ ही योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात मी याच रात्रीच्या प्रकाशात वाचते. जो शब्द दिला तो निभवायला देव स्वतः देह धारण करून आला आणि शेवटी तो देह त्या शब्दापायी मोडला गेला.

आता तुमच्या कामाकडे येते. पाळकाच्या बोलण्याचा धडा मला कुणी एकाच ठिकाणाहून द्यायला सांगितला, तर मी पहिल्या शमुवेलाचा पहिला अध्याय उघडेन. हन्नाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तरी आज ती तिच्याशी कोण काय बोललं एवढ्यासाठी पाहू.

पहिली पनिन्ना, हन्नाची सवत. तिला मुलंबाळं आहेत, हन्नाला मूल नाही, आणि दर वर्षी शिलोच्या मंदिरात गेलं की ती हन्नाला टोचून बोलते. दुसरा एलकाना, नवरा. बायकोवर जीव आहे त्याचा. तो विचारतो, रडतेस का, जेवत का नाहीस, दहा मुलांपेक्षा मी तुला बरा नाही का? बोलणं प्रेमाचं आहे, पण त्या प्रश्नाच्या मध्यभागी तो स्वतःच बसला आहे. दुःखी माणसाच्या घरी गेल्यावर आपण किती वेळा असं बोलतो ते आठवून पाहा. "आम्ही आहोत ना" म्हणतो आणि समोरच्याचं दुःख आपल्या असण्यानं भरून काढू बघतो.

तिसरा एली याजक. तो मंदिराच्या दाराच्या खांबाशी आसनावर बसला आहे. हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करते आहे. ओठ हलतात, आवाज नाही. एली बघतो आणि निष्कर्ष काढतो: बाई प्यायली आहे. तिला तो तसं बोलूनही दाखवतो. शिलोच्या उत्सवात प्यालेले लोक त्यानं पाहिले असतील. त्याचे स्वतःचे मुलगे देवळात काय करत होते ते पुढच्या अध्यायात येतं. रोजच्या सवयीनं त्याच्या तोंडून शब्द निघाला. पाळकाला सवयीचा धोका फार असतो. चार वर्षं एका मंडळीत काढली की कोण कशाला येतो, कोण उधारी मागणार, कोण घरचं गाऱ्हाणं सांगणार, हे तोंड उघडायच्या आधीच आपल्याला कळलंय असं वाटू लागतं.

हन्ना मात्र गप्प बसत नाही. ती आदरानं, पण सरळ सांगते की मी प्यायलेली नाही, मी दुःखी बाई आहे आणि देवापुढे मन मोकळं करते आहे. आणि इथे एली मोठा होतो. तो आपलं म्हणणं रेटत नाही, मला तसं वाटलं म्हणून सारवासारव करत नाही. तो तिला शांतीनं जायला सांगतो आणि इस्राएलाचा देव तुझं मागणं पुरं करो असा आशीर्वाद देतो. तिनं काय मागितलं हे त्यानं विचारलेलं नाही! त्याला ठाऊकच नाही. तिचं गुपित तिच्याजवळच राहिलं आणि याजकाच्या पदाचं वजन त्यानं तिच्या पारड्यात टाकलं. शास्त्र सांगतं, ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला नाही. अजून काहीही घडलं नव्हतं. दिवस गेले नव्हते, पनिन्ना तिथेच होती. ती एका शब्दावर जेवली.

पण माझ्यासाठी गोष्टीचा कणा पुढे आहे. काही वर्षांनी ती बाई एका लहानग्याला घेऊन परत आली आणि म्हणाली, तुमच्याजवळ उभी राहून प्रार्थना करणारी ती मीच. आणि तो मुलगा तिनं एलीच्या स्वाधीन केला. म्हाताऱ्या एलीनं दिलेला आशीर्वाद असा त्याच्याच दारात आला आणि त्याला सांभाळावा लागला. त्यानं त्या मुलाला, शमुवेलाला, वाढवलं. रात्री हाक ऐकून पोरगं तीनदा उठून धावत आलं तेव्हा ती देवाची हाक आहे हे त्यानंच त्याला समजावलं, आणि सकाळी स्वतःच्या घराण्याविरुद्धचा निकाल त्याच मुलाच्या तोंडून ऐकून घेतला. काही लपवू नकोस, असंही त्यानंच बजावलं होतं. मंडळीत कुणाला "देव तुमचं भलं करो" म्हणाल, तेव्हा हे लक्षात असू द्या. ते भलं करण्यात तुमचा हात मागितला जाईल.

याचा अर्थ तोंडातून गेलेला प्रत्येक शब्द डोळे मिटून पाळायचा असा नाही. शास्ते पुस्तकातला इफ्ताह नवस बोलला आणि आपल्या एकुलत्या एक लेकीला त्यापायी मुकला. तो अध्याय मला आजही वाचवत नाही. लेवीयाच्या पाचव्या अध्यायात अविचारानं वाहिलेल्या शपथेसाठी पापकबुली आणि अर्पण यांची वाट ठेवलेली आहे. इफ्ताहानं ती धरली नाही. हट्टानं बोललेलं कुणाच्या जिवावर उठत असेल, तर गुडघे टेका आणि तो शब्द मागे घ्या. हा नियम नवऱ्याबायकोंना शिकवा, बापांना तर नक्की शिकवा. "तू मला मेलास" असं मुलाला बोलून बसलेले बाप आपल्या मंडळ्यांत आहेत, आणि बोललो म्हणून आता बदलायचं कसं या खोट्या इभ्रतीपायी ते वर्षानुवर्षं मुलाच्या दारात जात नाहीत.

पेत्राचं उदाहरण तुम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल, म्हणून एकच तपशील सांगते. अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी त्यानं येशूला ओळखत नसल्याचं सांगितलं तेव्हा त्याच्या बोलीवरून लोकांनी ओळखलं की हा गालीलकर आहे. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला होता. तिथे येशूनं त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारलं, आणि प्रत्येक उत्तरामागे मेंढरं सांभाळायचं काम लावलं. पेत्रानं उत्तर दिलं तेही त्याच गालीली बोलीत दिलं असणार. तुमच्यातले कितीतरी जण मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांवरून, वसईच्या सामवेदी घरांतून, खानदेशातून आले आहेत. इथे आल्यावर प्रार्थनेला उभे राहिलात की छापील मराठी बोलायचा प्रयत्न करत होतात. आता गावी जाल तेव्हा आईशी बोलता तसं देवाशी बोला. ज्या बोलीत माणूस रडतो, तिच्यात केलेली प्रार्थना मागच्या बाकावरच्या म्हातारीपर्यंत पोचते.

महाराष्ट्रातल्या आपल्या पुष्कळ मंडळ्या महार आणि मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. माझ्या आजोबांचं नाव महादेव. गावात पाटलाचं पोरगंसुद्धा त्यांना "ए म्हाद्या" म्हणून हाक मारायचं, आणि आजोबा "जी" म्हणत उभे राहायचे. वडील सांगायचे, मंडळीत शास्त्रपाठ वाचायची पाळी आली की गावातल्या शाळेचे मास्तर पुढे येऊन पुकारायचे, "महादेवराव, या." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आजोबांनी मागे वळून बघितलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असं वाटून. पुढे दर महिन्याला त्यांची पाळी यायची. हळूहळू त्यांच्या चालण्यात फरक पडला, असं वडील म्हणायचे. मास्तरांनी नुसतं नाव नीट घेतलं एवढ्यावर हे झालं नाही. गावातल्या लोकांनी त्यांना बोल लावला, तरी पुढच्या रविवारीही त्यांनी तसंच पुकारलं. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं वाकलेल्या बाईला येशू सभास्थानात, अधिकाऱ्याच्या तोंडावर, अब्राहामाची कन्या म्हणतो. जक्कयालाही तो अब्राहामाचा पुत्र म्हणतो, तेही यरीहोत कुरकुर करणाऱ्या लोकांच्या कानांवर जाईल असं. त्या बोलण्याची किंमत त्यानं मोजली. तुम्ही कुणाला भाऊ म्हणाल, तर उद्या त्याच्या घरी जेवायची वेळ येईल. ती टाळायची असेल, तर भाऊ म्हणू नका.

आपल्या मराठी ख्रिस्ती वारशातही बोललेला-ऐकलेला शब्द हाच मोठा धागा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली सासष्टीतल्या राचोल इथे रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यानं त्यांच्या कानाला ओळखीचा ओवी छंद निवडला, आणि देवळातून ते मोठ्यानं वाचलं जायचं. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेनं हुकूम काढला की तीन वर्षांत गोमंतकीयांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला शिकावं. लोकांच्या तोंडातली भाषाच काढून घ्यायचा हा प्रयत्न. ख्रिस्तपुराणाच्या त्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या, पण हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्या राहिल्या, आणि त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. ज्यांनी त्या पोथ्या उतरवल्या आणि घरात गायल्या, त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत. मी त्यांची ऋणी आहे.

नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा सुरू झाल्या, मग बोलणं धर्मावर आलं. उतरताना त्यानं टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. हा प्रसंग भविष्यवाणीचा चमत्कार म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात त्या माणसाची सभ्यता दिसते. आधी तो भवभूतीवर बोलला. समोरच्याचं जे उत्तम आहे त्याची त्यानं कदर केली, आणि मगच आपलं उत्तम पुढे ठेवलं. तुम्ही उद्या एस.टी.त, बाजारात, शाळेच्या दारात शुभवर्तमानाविषयी बोलाल, तेव्हा समोरच्याच्या ज्ञानेश्वर-तुकोबांविषयी आधी मनापासून ऐका. टिळकांनीही पुढे तेच केलं. अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडलेली होती. टिळकांनी तिच्यावर आपला जीव ओतला. रात्री कंदिलाच्या उजेडात, जमिनीवर बसलेल्या गावकऱ्यांसमोर, झांजांच्या तालावर येशूचं चरित्र सांगितलं जायचं, आणि ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याच्याही कानात ते पद राहायचं. टिळकांची भजनं आज आपल्या उपासनेत आहेत ती पुस्तकात छापली म्हणून टिकली नाहीत; आयांनी ती दळताना म्हटली.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ही बाई मोडून पडली, वर्षानुवर्षं वेगळी राहिली. मग एकत्र आली, आणि जातीची भिंत तिच्या मनातून पडली ती कुणाच्या व्याख्यानानं नव्हे, तिच्या स्वतःच्या विचारानं. शाळेत न गेलेल्या या बाईनं सांगितलेल्या आठवणी १९३४ पासून भागाभागानं ‘स्मृतिचित्रे’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्या पुस्तकात ती लिहीत नाही, बोलते. तुमच्यापैकी ज्यांनी ते अजून वाचलं नसेल त्यांनी उपदेशशास्त्राची माझी वही बाजूला ठेवून ते आधी वाचावं.

आणि पंडिता रमाबाई. आईवडील पुराणिक, देवळांतून, घाटांवर पुराण सांगत हिंडणारं कुटुंब. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, मग नवरा. १८८२ साली हंटर शिक्षण आयोग पुण्यात आला तेव्हा ही चोवीस वर्षांची विधवा त्याच्यासमोर साक्षीला उभी राहिली. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा पुढच्या वर्षी इंग्लंडात झाला. मराठीत बोलताना त्यांनी सांगितलं की मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात, आणि बायका पुरुष डॉक्टरांपुढे आपलं दुखणं सांगू शकत नाहीत म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात. हंटरनं ती साक्ष इंग्रजीत करून घेतली. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावानं स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा निधी उभा राहिला. त्यामागे या साक्षीचाही हात होता असं अभ्यासक मानतात. पण मला रमाबाईंची पुढची चाळीस वर्षं दाखवायची आहेत. आयोगापुढे बायकांसाठी बोलल्या, आणि मग त्या बोलण्याला जागत मुंबईत शारदा सदन, नंतर केडगावला मुक्ती मिशन उभारलं. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींना जेवू घातलं, अक्षर शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, या मुलींना कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झालं. साक्ष देणं काही मिनिटांचं असतं. तिला जागायला रमाबाईंचं उरलेलं आयुष्य लागलं.

आता जे सांगते ते तुमच्या पहिल्याच महिन्यात उपयोगी पडेल. मंडळीत चहाड्या होतात, हे नवं नाही. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय उगाच लिहिलेला नाही. पण आपल्याकडे चहाडीला एक पवित्र वेश मिळाला आहे. "अमक्या कुटुंबासाठी प्रार्थना करा. त्यांच्या मुलीचं जरा..." इथे आवाज खाली येतो. हा निरोप आता व्हॉट्सॲपच्या प्रार्थनागटात पडतो आणि रात्रीपर्यंत अर्ध्या तालुक्यात पोचतो. ती मुलगी मग रविवारी मंडळीत येत नाही, आणि आपण तिच्या येण्यासाठीही प्रार्थना करतो! हे पाप आहे आणि ते तुम्ही तुमच्या गटात होऊ देऊ नका. कुणाचं नाव सांगायचं असेल, तर आधी त्याच्या तोंडून होकार घ्या. येशूनं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रमच दिला आहे: तक्रार असेल तर आधी एकटा त्याच्याकडे जा. आपण उलट्या क्रमानं जातो. आधी कमिटी, मग बिशप, मग कोर्ट, आणि भाऊ सगळ्यात शेवटी.

जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर १९३५ साली तेव्हाच्या जर्मनीतल्या फिंकेनवाल्ड इथे तुमच्यासारख्याच तरुणांना पाळक होण्यासाठी शिकवत होता. हिटलर सत्तेवर आल्यावर दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारी १९३३ रोजी, तो बर्लिनमध्ये रेडिओवर नेत्याच्या पूजेविषयी इशारा देत होता आणि त्याचं भाषण पूर्ण होण्याआधीच तोडलं गेलं. अशा माणसानं आपल्या विद्यार्थ्यांना घालून दिलेला नियम ऐका: जो सहकारी इथे हजर नाही त्याच्याविषयी बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर नंतर जाऊन त्याला ते सांगायचं. विद्यार्थ्यांनी सांगितलं आहे की हा नियम मोडताना आणि पुन्हा पाळायचं ठरवताना ते जवळजवळ उपदेशांइतकंच शिकले. बाहेर गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, होते. १९३७ साली त्यांनी ती शाळा बंद पाडली, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी बोनहोफरला फाशी दिली गेली. राजसत्तेपुढे खरं बोलण्याची तयारी आणि पाठीमागे वाईट न बोलण्याची शिस्त त्यानं एकाच घरात शिकवली, कारण दोन्ही ठिकाणी जीभ तीच असते.

एक गोष्ट राहते. तुम्हाला मृत्यूच्या घरी जावं लागेल. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेलं उत्तम काम एवढंच. नंतर तोंड उघडलं आणि अध्यायामागून अध्याय शुद्ध सिद्धान्त बोलले, आणि शेवटी देवानं सांगितलं की ते बरोबर बोलले नाहीत. बरोबर बोलला तो रडणारा, भांडणारा ईयोब. तरुण मुलगा अपघातात गेलेल्या घरी तुम्ही जाल तेव्हा "देवाची इच्छा" हे शब्द तुमच्या जिभेच्या टोकाशी येतील. ते गिळा. बसा. चूल पेटलेली नसेल तर शेजारणीला सांगून चहा करवून घ्या. आई बोलली तर ऐका, तेच तेच दहा वेळा बोलली तरी ऐका. मग दफनविधीत जेव्हा पुनरुत्थानाची आशा मोठ्यानं उच्चाराल, तेव्हा ती आई तुमचा शब्द ऐकेल. आणि चाळिसाव्या दिवसानंतर, सगळे पाहुणे गेल्यावर, पुन्हा जा. त्या घराला तुम्ही पुनरुत्थानाचं वचन दिलेलं आहे.

थोड्या वेळानं प्राचार्य तुम्हाला उभं करून सेवेची प्रतिज्ञा म्हणायला लावतील. ती छापील कागदावर आहे, तरी सगळ्यांबरोबर नुसते ओठ हलवू नका. प्रत्येकानं आपल्या आवाजात, आपल्या बोलीच्या हेलात, मागच्या रांगेत बसलेल्या आईवडिलांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणा. तुम्ही काय कबूल केलं त्याचे साक्षीदार ते आहेत. पुढे कधी तुम्ही मागे हटलात, तर त्यांनी तुम्हाला जाब विचारावा, अशी माझी त्यांना या व्यासपीठावरून विनंती आहे.